नौका आठांची, श्रेय एकट्याचे?

यशाच्या कथांचा बाजार मांडणाऱ्यांना नायक लागतो आणि तोही एकटा लागतो. समूहाने मिळवलेले यश मुखपृष्ठावरच्या छायाचित्रात मावत नाही, आणि व्यवस्थापकांच्या शिबिरात त्याचे पाच कलमी सूत्रही करता येत नाही. म्हणून समूहातून एक माणूस उचलायचा, त्याला उंच चौथऱ्यावर बसवायचे आणि बाकीच्यांना त्याच्या पायाशी नक्षीकामासारखे कोरून टाकायचे, ही जुनी रीत आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे नौकानयन-प्रशिक्षक अल उल्ब्रिक्सन यांच्या वाट्याला अलीकडे असेच नायकपण आले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेले डॅनिएल जेम्स ब्राउन यांचे पुस्तक आणि त्यावरून २०२३ साली जॉर्ज क्लूनी यांनी काढलेला चित्रपट यांमुळे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची ती कथा जगभर पोचली. पुस्तकाने वल्हेकऱ्यांच्या दारिद्र्याचे वर्णन प्रामाणिकपणे केले आहे. त्या कथेवर कीर्तने करणाऱ्यांचे तात्पर्य मात्र निराळे असते. गरिबी माणसाला घडवते, कडक शिस्तीचा नेता भेटला की गरीब पोरे जग जिंकतात, आणि यात सरकारचा किंवा समाजाचा काहीएक संबंध नसतो, असे हे तात्पर्य. ते खोटे आहे. खोटे असून सोयीचे आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

प्रथम उल्ब्रिक्सन यांचे जे श्रेय आहे ते त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. सिएटल येथील या विद्यापीठाचे विद्यार्थी असताना त्यांनी नौकेत 'स्ट्रोक'च्या, म्हणजे सर्वांची लय ठरवणाऱ्या जागेवर बसून १९२४ आणि १९२६ साली राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन शर्यत जिंकली होती. १९२७ मध्ये, पंचविशीही ओलांडलेली नसताना, ते मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९५८ च्या हंगामापर्यंत त्या पदावर राहिले. या काळात त्यांच्या आठ वल्ह्यांच्या मुख्य नौकेने १९३६, १९३७, १९४०, १९४१, १९४८ आणि १९५० अशी सहा वेळा ती राष्ट्रीय शर्यत जिंकली. त्यांपैकी १९३६, १९३७ आणि १९४८ या तीन वर्षी प्रथम वर्षाची, दुय्यम आणि मुख्य अशा तिन्ही नौका पहिल्या आल्या. बर्लिनच्या सुवर्णपदकानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या चार वल्हेकऱ्यांच्या चमूने सुवर्णपदक आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. अबोल, कष्टाळू आणि पारखी असा हा माणूस होता. त्यांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. ती थोरवी कोणत्या पायावर उभी होती, एवढाच प्रश्न आहे.

पाया कोणाचा?

पहिली गोष्ट अशी की वॉशिंग्टन विद्यापीठ हे सरकारी विद्यापीठ आहे. ते पूर्वेकडील धनिकांच्या देणग्यांवर उभे राहिलेले महाविद्यालय नव्हते. १८६१ साली, वॉशिंग्टनला राज्याचा दर्जाही मिळालेला नसताना, सार्वजनिक संस्था म्हणून त्याची स्थापना झाली. येल आणि हार्वर्डच्या नौकांत वकिलांची व सावकारांची मुले बसत असताना या विद्यापीठाच्या नौकेत लाकूडतोड्यांची, कोळ्यांची, दूधवाल्या शेतकऱ्यांची मुले बसली, याचे कारण त्यांच्या रक्तात नव्हते. विद्यापीठाच्या दारावर बापाची मिळकत विचारणारा रखवालदार बसलेला नव्हता, हे त्याचे कारण होते.

दुसरी गोष्ट नौकागृहाची. ज्या इमारतीत या नौका ठेवल्या जात, ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, नौदलाच्या सागरी विमानांसाठी उभारलेली होती. युद्ध संपल्यावर ती विद्यार्थ्यांच्या नौकांना मिळाली आणि १९४९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. म्हणजे छप्परही सार्वजनिक पैशाचे.

तिसरी गोष्ट कारागिराची. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जॉर्ज पोकॉक नावाचा इंग्रज कारागीर शर्यतीच्या नौका घडवीत असे. त्याचे वडील ईटनच्या श्रीमंत शाळेत नौका बांधणारे. मुलगाही तेथेच उमेदवारी करून शिकला. १९११ मध्ये तो कॅनडात आला आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षक हायरॅम कॉनिबेअर यांनी त्याला सिएटलला बोलावले. बर्लिनमध्ये जिंकलेली नौका पोकॉकने देवदाराच्या जातीच्या स्थानिक लाकडातून घडवली होती. वल्हे कसे धरावे व पाण्यात कसे घालावे, हे दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि प्रशिक्षकांनीही त्याच्याकडून ऐकून घेतले. आणि तरीही, त्याच्या मायदेशाच्या नियमांनुसार हा माणूस 'हौशी' खेळाडू म्हणून शर्यतीत उतरण्यास अपात्र होता. कारण तो हातांनी काम करून पोट भरत होता!

या नियमाची हकीकत प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. इंग्लंडमधील हेन्ली येथील प्रतिष्ठित शर्यतीच्या कारभाऱ्यांनी १८७९ साली 'हौशी' या शब्दाची व्याख्या केली आणि रोजंदारीवर काम करणारा यांत्रिक, कारागीर किंवा मजूर हौशी असूच शकत नाही, असे ठरवले. पैसे घेऊन शर्यत करणाऱ्यास वगळले असते तर समजण्यासारखे होते. येथे पैसे घेऊन भिंत बांधणाराही वगळला गेला. १९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॅक केली याचा अर्ज नाकारण्यात आला. त्याच्या क्लबावरील जुनी बंदी हे एक कारण होते आणि त्याने गवंडीकाम केले होते हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याने इंग्रज प्रतिस्पर्ध्याला हरवून सुवर्णपदक घेतले. १९३६ मध्ये बर्लिनला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या चमूला हेन्लीने दार बंद केले, कारण ते वल्हेकरी पोलीस शिपाई होते. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, लाजेकाजेस्तव हा नियम बदलण्यात आला. खेळातील 'निर्मळ हौशीपणा'चे गोडवे गाणाऱ्यांनी आधी सांगावे की तो निर्मळपणा कोणाच्या घामाने बाटत होता.

या नियमाच्या कसोटीवर उल्ब्रिक्सन यांच्या नौकेतील जो रँट्झ कोठे बसला असता? पंधराव्या वर्षी घरच्यांनी मागे टाकलेला हा मुलगा लाकडे तोडून, मिळेल ते काम करून शिकला. १९३५ च्या उन्हाळ्यात तो कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरणावर खडक फोडण्याच्या यंत्रावर रोजंदारी करीत होता. त्याचे दोन सहकारी, चक डे आणि जॉनी व्हाइट, तेथेच राबत होते. हेन्लीच्या भाषेत हे तिघेही 'मजूर'. आणि धरण कोणाचे? १९३३ साली, मंदीच्या खाईत, अमेरिकेच्या केंद्र सरकारने हाती घेतलेल्या सार्वजनिक कामांपैकी ते एक. त्या मजुरीच्या आधारावर या मुलांचे पुढच्या वर्षाचे शिक्षण चालले. (त्याच धरणाच्या जलाशयाने पुढे तेथील आदिवासी जमातींची भूमी आणि त्यांचे पिढीजात मासेमारीचे ठिकाण बुडवले, हेही विसरता कामा नये. सार्वजनिक म्हटले की न्याय्य झाले, असे नव्हे.) तेव्हा गरिबीने या मुलांना घडवले असे म्हणणाऱ्यांनी सिएटलमधील त्या काळच्या बेकारांच्या झोपडवस्तीकडे पाहावे. गरिबी तेथेही होती. तेथून ऑलिंपिकवीर का निघाले नाहीत? गरिबी सर्वांना होती. विद्यापीठ, काम आणि नौका या तीन गोष्टी थोड्यांनाच मिळाल्या. ज्यांना मिळाल्या ते जिंकले.

मुकादमाचे अर्थशास्त्र

आता 'कडक नेत्या'च्या सिद्धान्ताकडे वळू. अर्थशास्त्रात या सिद्धान्ताला भारदस्त पोशाख चढवण्यात आलेला आहे. १९७२ मध्ये आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी असे मांडले की दोन माणसे मिळून ट्रकमध्ये माल चढवतात तेव्हा कोणी किती उचलले हे वेगळे मोजता येत नाही. म्हणून प्रत्येकाला अंग चोरण्याचा मोह होतो. म्हणून देखरेख करणारा हवा. आणि त्या देखरेख करणाऱ्याने स्वतः अंग चोरू नये यासाठी उरलेला नफा त्याच्या पदरात पडला पाहिजे. मालकशाहीचे याहून सुबक समर्थन शोधून सापडणार नाही. या परंपरेतील पुढच्या लेखनात चीनमधील नौका ओढणाऱ्या मजुरांचा दाखलाही येतो. ते म्हणे स्वतःच वर्गणी काढून आपल्या पाठीवर चाबूक ओढणारा मुकादम नेमीत!

आठ वल्ह्यांची नौका म्हणजे अशा अविभाज्य उत्पादनाचे शुद्ध उदाहरण होय. आठ जणांच्या जोराची बेरीज पाण्यावर एकाच वेगाच्या रूपाने दिसते. त्यातला कोणाचा वाटा किती, हे काठावरून सांगता येत नाही. सिद्धान्त खरा असता तर येथे मुकादम आणि त्याचा नफा यांवाचून पानही हलायला नको होते. प्रत्यक्षात काय दिसते? शर्यत सुरू होताच प्रशिक्षकाची सत्ता संपते. हडसन नदीकाठच्या पोकिप्सी येथे जून १९३६ मध्ये चार मैलांची राष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा उल्ब्रिक्सन नदीला समांतर धावणाऱ्या आगगाडीत बसून नुसते पाहत होते. बॉब मॉक या सुकाणू धरणाऱ्या विद्यार्थ्याने नौका बराच काळ इतकी मागे ठेवली की गुरुजींचा जीव टांगणीला लागला. अखेरच्या टप्प्यात त्याने लय वाढवली आणि शर्यत जिंकली. निर्णय नौकेतल्या माणसाचा होता. कोणी अंग चोरले तर ते पाठीमागच्या आणि पुढच्या सोबत्याला त्याच क्षणी नौकेच्या तोलातून कळते. त्यासाठी पगारी डोळा लागत नाही.

याहून मोठी साक्ष बर्लिनची आहे. लय ठरवणारा डॉन ह्यूम तेथे तापाने फणफणलेला होता. अंतिम शर्यतीत त्याच्या जागी दुसऱ्याला बसवण्याचे उल्ब्रिक्सन यांनी ठरवले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा निर्णय अगदी निर्दोष होता. परंतु उरलेल्या वल्हेकऱ्यांनी गुरुजींपुढे उभे राहून आग्रह धरला की ह्यूम आमच्याबरोबर हवा, त्याच्या वाट्याचा भार आम्ही वाहू. आणि उल्ब्रिक्सन यांनी आपला निर्णय मागे घेतला. १४ ऑगस्ट १९३६ रोजी ग्रुनाऊच्या सरोवरावर, वाऱ्याच्या तडाख्यातल्या सर्वांत बाहेरच्या मार्गिकेतून, ६ मिनिटे २५.४ सेकंदांत ही नौका पहिली आली. इटली ०.६ सेकंदाने, जर्मनी पूर्ण एका सेकंदाने मागे राहिली. त्या दिवशीच्या पहिल्या पाचही शर्यती जर्मनीने जिंकल्या होत्या आणि हिटलर स्वतः प्रेक्षकांत होता. ज्या राजवटीने एकाच नेत्याच्या आज्ञेला राष्ट्रधर्म बनवले होते, तिच्या डोळ्यांदेखत ज्यांनी नेत्याची आज्ञा विनयपूर्वक बदलून घेतली होती ते विद्यार्थी जिंकले. या घटनेतून 'कडक नेत्या'चे तात्पर्य काढण्यासाठी विशेष प्रकारची दृष्टी लागते. उल्ब्रिक्सन यांचे खरे मोठेपण येथे आहे. ऐकायचे केव्हा, हे त्यांना कळत होते.

ते सर्वज्ञ मुळीच नव्हते. १९३५ मध्ये मुख्य नौकेत कोणाला बसवावे याविषयी त्यांचे मन सारखे बदलत राहिले. आधी आश्वासन दिलेल्या तरुण चमूला त्यांनी ऐन राष्ट्रीय शर्यतीत दुय्यम नौकेत ढकलले. मुख्य शर्यत कॅलिफोर्नियाने जिंकली आणि वॉशिंग्टन तिसरे आले. त्या अनुभवातून शिकून १९३६ च्या वसंतात त्यांनी जुळवलेला चमू पुढे हरला नाही. चुका करण्यास आणि सुधारण्यास त्यांना सवड मिळाली, कारण त्यांच्यामागे संस्था होती, परंपरा होती. त्या परंपरेचा आरंभ १९०७ मध्ये प्रशिक्षक झालेल्या कॉनिबेअर यांनी केला, आणि त्यांना आधी वल्हवण्याचा काही अनुभवही नव्हता. त्या एका सरकारी विद्यापीठाच्या तालमीतून बाहेर पडलेल्या माणसांनी काय केले पाहा. १९२४ ला येलच्या नौकेचे गुरू एड लीडर, १९२८, १९३२ आणि १९४८ ला कॅलिफोर्नियाचे एब्राइट, १९३६ ला उल्ब्रिक्सन, १९५२ ला नौदल अकादमीचे रस्टी कॅलो, हे सगळे वॉशिंग्टनचे. लागोपाठ सहा ऑलिंपिकमधील आठ वल्ह्यांचे सुवर्णपदक एकाच विद्यापीठात शिकलेल्या प्रशिक्षकांनी मिळवून दिले. यात चार स्वतंत्र 'असामान्य नेते' शोधणारा मनुष्य शाळा सोडून फळे मोजतो आहे. बर्लिनच्या विजयानंतर त्याच वर्षी प्रथम वर्षाच्या चमूचे प्रशिक्षक टॉम बोल्स यांना हार्वर्डने नेले. सार्वजनिक खर्चाने घडवायचे आणि खाजगी पैशाने उचलायचे, हा व्यवहार आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

दानाची मर्यादा

या कथेत एक प्रसंग असा आहे की जो खाजगी दातृत्वाचे भक्त मोठ्या उत्साहाने सांगतात. जुलै १९३६ मध्ये निवड-शर्यत जिंकल्यावर वॉशिंग्टनच्या चमूला कळवण्यात आले की बर्लिनला जाण्यासाठी ५,००० डॉलर तुम्हीच उभे करा, नाहीतर दुसऱ्या क्रमांकाचा फिलाडेल्फियाचा क्लब स्वखर्चाने जाण्यास तयार आहे. सिएटलच्या वृत्तपत्रांनी आवाहन केले, सामान्य नागरिकांनी आणि व्यापाऱ्यांनी दोन-तीन दिवसांत रक्कम जमवली. सिएटलकरांचे हे प्रेम निःसंशय वंदनीय आहे. परंतु प्रसंग उलटा वाचावा. शर्यत पाण्यावर जिंकल्यानंतरही ती पुन्हा तिजोरीवर जिंकावी लागली. एखाद्या लहान गावाच्या चमूवर ही वेळ आली असती, तर इतिहासाला त्यांची नावेही कळली नसती.

उल्ब्रिक्सन यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस याच रोगाचे दुसरे लक्षण दिसले. फुटबॉलपटूंना गुपचूप पैसे पुरवल्याच्या प्रकरणात विद्यापीठाच्या सर्वच खेळांवर बंदी आली आणि ज्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता ते वल्हेकरी राष्ट्रीय शर्यतीस मुकले. म्हणून १९५८ मध्ये ते हेन्लीला गेले. ज्या हेन्लीने १९३७ पर्यंत मजुराला दार बंद ठेवले होते, तेथे त्यांना हरवणाऱ्या लेनिनग्राडच्या क्लबाचे नाव होते 'त्रूद', म्हणजे श्रम! त्यानंतर काही दिवसांनी, जुलैतच, मॉस्कोजवळ वॉशिंग्टनच्या नौकेने त्याच चमूला हरवले आणि उल्ब्रिक्सन यांनी समाधानाने निवृत्तीची वाट धरली.

आजचे चित्र काय आहे? मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशांचा एक मोठा घोटाळा उघडकीस आला. त्यात एका धनाढ्य दांपत्याने ५ लाख डॉलर मोजून आपल्या दोन मुलींना दक्षिण कॅलिफोर्नियातील एका नामांकित खाजगी विद्यापीठात नौकानयनपटू म्हणून प्रवेश मिळवून दिला. त्या मुलींनी वल्हे कधी हाती धरलेले नव्हते. वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर बसवून त्यांची छायाचित्रे काढण्यात आली होती. धरणावर खडक फोडून नौकेत जागा मिळवणाऱ्या रँट्झपासून छायाचित्र काढून जागा विकत घेण्यापर्यंतचा हा प्रवास ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा आहे. २०२० मध्ये, अब्जावधी डॉलरच्या निधीवर बसलेल्या स्टॅनफर्डने पुरुषांच्या नौकानयनासह ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले आणि खवळलेल्या विद्यार्थ्यांमुळे व माजी विद्यार्थ्यांमुळे २०२१ मध्ये माघार घेतली. कनेक्टिकटच्या सरकारी विद्यापीठातील स्त्रियांचा चमू वाचला तो १९७२ च्या समानतेच्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात गेल्यामुळे. याच कायद्याने स्त्रियांना या नौकांत मोठ्या संख्येने जागा मिळाल्या. उल्ब्रिक्सन यांच्या तीन दशकांच्या गौरवगाथेत त्या कोठेच नाहीत, ही त्या गाथेतील उणीव सांगितलीच पाहिजे.

जून २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. फुटबॉलपटूंच्या घामावर कोट्यवधींचा धंदा चालत असेल, तर त्यांना त्यांचा वाटा मिळणे न्यायाचेच आहे. समाजवादी माणसाने त्याविरुद्ध ब्र काढू नये. परंतु ज्या खेळाला तिकिटे विकता येत नाहीत, तो फुटबॉलच्या ताटातल्या उष्ट्यावर का जगावा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, उलट तीव्र होतो. उत्पन्न न देणारा खेळ हा शिक्षणाचा भाग मानायचा असेल, तर त्याचा खर्चही शिक्षणाच्या अंदाजपत्रकातून आला पाहिजे. याला तिसरा मार्ग नाही.

आपल्याकडे चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हा याच प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे. विहिरी खोदणाऱ्या मजुराचा हा मुलगा, स्वतःही मजुरी केलेला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या चमूत त्याने सुवर्णपदक मिळवले. जुन्या हेन्लीने त्याला काठावरूनच परत पाठवले असते. त्याच्या हाती वल्हे दिले ते २०१२ नंतर भारतीय सैन्याने, म्हणजे पुन्हा एका सार्वजनिक संस्थेने. महाविद्यालयाने ते दिले नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब सोडला, तर धरणे आणि जलाशय यांनी भरलेल्या या राज्यात किती महाविद्यालयांकडे एक तरी शर्यतीची नौका आहे? सैन्यात भरती झाल्याखेरीज मजुराच्या मुलाला खेळ मिळू नये, ही व्यवस्था कोणी ठरवली?

शिक्षणसंस्था विनाअनुदान तत्त्वावर चालवाव्यात, क्रीडांगणे भाड्याने द्यावीत, खेळांसाठी 'प्रायोजक' शोधावेत, असे सल्ले देणारे सभागृहांत आणि अधिसभांत उठून बोलतात, तेव्हा ते अनेकदा उल्ब्रिक्सनसारख्यांची उदाहरणे फेकतात. त्यांना शांतपणे विचारावे: ते विद्यापीठ कोणाचे होते? छप्पर कोणाचे होते? मुलांना मजुरी कोणत्या धरणावर मिळाली? आणि आजारी सोबत्याला नौकेत घेण्याचा निर्णय कोणी केला? या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतर जे उरेल ते प्रशिक्षकाचे श्रेय. ते लहान नाही. परंतु त्याच्या जोरावर सार्वजनिक शिक्षणाचा हक्क खोडून काढता येणार नाही, आणि कार्यकर्त्यांनी तो खोडू देऊ नये.